सोमाइट मोजलेस का?

प्रिय बाई,

मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोंबडीच्या भ्रूणावर काम करते. द्राक्षबागेत मारतात त्यातलं एक औषध कल्चरमध्ये घालून, एकूण 40 तासांनी (18 उबवणीचे, 22 औषधातले), न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, बंद होते की नाही ते बघते. दोन खेपांत मिळून 64 अंडी फोडली, 46 भ्रूण नीट वाढले. कंट्रोलच्या, म्हणजे औषध न घातलेल्या, 22 पैकी 2 आणि औषधाच्या 24 पैकी 11 भ्रूणांत डोक्याकडची ट्यूब उघडी राहिली. डिसेंबरात सेल आणि डेव्हलपमेंटल बायोलॉजीची राष्ट्रीय परिषद आहे आणि ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, पाठवायला नऊ दिवस उरलेत. सर म्हणतात, जीन एक्स्प्रेशनचंही (कोणती जीन्स चालू आहेत त्याचंही) लिहून टाक, परिषदेपर्यंत होईल करून. ते प्रयोग मी अजून सुरूही केलेले नाहीत. लॅबमधला सीनियर म्हणतो, पोस्टर म्हणजे दुय्यम, टॉक मिळणार नसेल तर कशाला जातेस. इंग्रजीत कोणी प्रश्न विचारला की माझी बोबडी वळते. कोणी आमची कल्पना उचलली तर, ही भीती वेगळीच. आणि फोटो काढणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलीचं नाव घालायचं का, यावर सर काही बोलत नाहीत. कच्चा ॲबस्ट्रॅक्ट सोबत जोडला आहे. पाठवू की पुढच्या वेळेपर्यंत थांबू?

– गोंधळलेली

अगं गोंधळलेले,

पाठव. थांबू नकोस. फक्त आत्ता जोडलेला मसुदा आहे तसा पाठवू नकोस.

तुझ्या औषधाचं नाव, गाव आणि सरांचं आडनाव मी काढून टाकलं आहे. द्राक्षबागांच्या मुलखात कोंबडीच्या भ्रूणावर काम करणाऱ्या लॅब काही शेकड्यांनी नाहीत, लोक चहा संपायच्या आत ओळखतील.

मसुद्याचे शब्द मोजले. मर्यादा अडीचशेची, आणि त्यातले शंभराच्या वर तू वाढती लोकसंख्या, शेती आणि कीटकनाशकांची गरज यांवर घालवलेस. परिषदेला येणाऱ्या माणसाला लोकसंख्या वाढतेय हे कळवायची गरज नसते. नंतर येतं, 'भ्रूणाच्या वाढीवर लक्षणीय परिणाम दिसून आला.' कुठला परिणाम, किती भ्रूणांत, कोणत्या टप्प्याला? काही नाही. आणि शेवटी ते सनातन वाक्य, 'रिझल्ट्स विल बी डिस्कस्ड.' नोकरीत असताना मी निवडीसाठी ॲबस्ट्रॅक्टचे गठ्ठे वाचले आहेत. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, साठावा ॲबस्ट्रॅक्ट हातात असतो, हे वाक्य दिसलं की हात आपोआप पुढच्या कागदाकडे जातो.

गंमत म्हणजे सांगण्यासारखं तुझ्याकडे आहे. 22 पैकी 2, 24 पैकी 11. हे तू मला, एका निवृत्त बाईला, पत्रात सांगितलंस. ज्यांना सांगायचं त्यांच्या कागदावर मात्र एकही आकडा नाही.

पण त्याआधी दुसरी गोष्ट. पत्र आणि मसुदा दोन्ही मी दोनदा वाचले आणि दोन्हींत एकच शब्द शोधत राहिले. सोमाइट. भ्रूणाच्या पाठीत ट्यूबच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने उठणाऱ्या, वयाबरोबर वाढत जाणाऱ्या त्या गाठी. कुठेही सापडला नाही.

का शोधत होते ते सांगते. माझं पहिलं पोस्टर ऐंशीच्या दशकातलं. तेव्हा पोस्टर छापत नसत, बनवत असत. पांढरं कार्डशीट, डार्करूममध्ये स्वतः धुतलेले फोटो, मथळा स्टेन्सिलने, बाकी मजकूर टाइपरायटरवर करून कात्रीने कापून चिकटवलेला. सेकंड क्लासच्या बाकाखाली गुंडाळी ठेवून मी दक्षिणेतल्या एका शहरात पोचले. वाटेत कुणाच्या तरी ताकाच्या बरणीचं झाकण सैल होतं, त्यामुळे एक कोपरा पिवळा झाला होता. माझा विषय तुझ्यासारखाच होता. एक रसायन, कोंबडीचा भ्रूण, उघडी राहिलेली न्यूरल ट्यूब. 33 तासांनी कंट्रोल असा, प्रयोगातला तसा. फोटो फार सुंदर होते, अजूनही म्हणेन.

दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. नाव-गाव काही सांगितलं नाही. शर्टाच्या खिशातून भिंग काढलं आणि पेनच्या टोकाने माझ्या फोटोवर मोजायला लागले. एका फोटोवर, 'अकरा.' दुसऱ्यावर, 'सात.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तुमचं रसायन ट्यूब बंद होऊ देत नाही, की सगळा भ्रूणच मागे राहिलाय?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात सोमाइटच्या कोणत्याही निरोगी भ्रूणाची ट्यूब तिथे उघडीच असते. म्हणजे मी ज्याला विकृती म्हणत होते ते कदाचित निव्वळ वय होतं. दोन वर्षांचं काम आणि भिंगाने दोन मिनिटं.

तुला हे ठाऊक असेलच, तरी लिहिते, कारण ठाऊक मलाही होतं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये कोंबडीच्या भ्रूणाचे 46 टप्पे आखून दिले ते घड्याळावर नाहीत, दिसण्यावर आहेत. आठव्या टप्प्याला 4 सोमाइट, नवव्याला 7, दहाव्याला 10, अकराव्याला 13. घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही, कारण सगळी अंडी सारख्या वयाची येतच नाहीत. कोणतं कोंबडीने सकाळी घातलेलं, कोणतं आदल्या दिवसाचं, कोणतं हॅचरीतून येताना टेम्पोत उन्हाने तापून तिथेच वाढायला लागलेलं. म्हणून तुझं '40 तास' मला काही सांगत नाही. ट्यूबच्या दोन्ही कडा मेंदूच्या मध्यभागी आठव्या टप्प्याच्या सुमारास भेटायला लागतात आणि अगदी पुढचं तोंड अकराव्याच्या आसपास मिटत येतं. तुझे औषधाचे भ्रूण नवव्यावर असतील आणि कंट्रोल अकराव्यावर, तर '24 पैकी 11 उघडे' या आकड्यात औषधाची करामत किती आणि उशीर किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आनंदाची बाब ही की यासाठी एकही नवीन अंडं फोडावं लागणार नाही. 46 भ्रूणांचे फोटो आहेत म्हणतेस. एका दुपारचं काम आहे. मात्र स्वतः मोजताना कोणता फोटो कुठल्या गटातला हे तुला कळता कामा नये. त्या एम.एस्सी.च्या मुलीला सांग, फाइलींची नावं बदलून 1 ते 46 कर आणि किल्ली, म्हणजे कोणता आकडा कुठल्या गटातला ती यादी, तुझ्याकडे ठेव. तू मोज, वहीत लिही, मग किल्ली माग. मनात आशा असली की धूसर सोमाइट एका गटात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. हा काही तुझ्या प्रामाणिकपणावर संशय नाही, डोळ्यांचा स्वभावच तो.

कोणी म्हणेल, औषधाने सोमाइटच बिघडवले असतील तर? रास्त शंका आहे. मग हृदयाचा बाक आणि डोळ्यांचे फुगवटे बघूनही टप्पा ठरव, आणि दोन्ही जुळतात का ते पाहा.

मोजल्यावर दोनपैकी एक काहीतरी निघेल आणि दोन्हींचा ॲबस्ट्रॅक्ट होतो. सोमाइट सारखे निघाले तर मधला भाग साधारण असा येईल, इंग्रजी तूच कर: 'साधारण 18 तास उबवलेले भ्रूण न्यू यांच्या पद्धतीने काचेच्या रिंगवर कल्चर करून 22 तास औषधात ठेवले. दोन्ही गटांत सोमाइटची संख्या सारखी होती. तरीही कंट्रोलच्या 22 पैकी 2 आणि औषधाच्या 24 पैकी 11 भ्रूणांत पुढची न्यूरल ट्यूब उघडी राहिली.' सोमाइट कमी निघाले तर: 'औषधाच्या भ्रूणांत सोमाइट कमी होते, म्हणजे एकूण वाढ मंदावली. सारख्या सोमाइटसंख्येचे भ्रूण ताडून पाहिले असता ट्यूबमधला फरक उरला', किंवा 'उरला नाही'. 'उरला नाही' लिहायला हात थरथरेल. लिही. औषधाने वाढ मंदावते आणि ट्यूब उघडी दिसणं हा त्याचाच भाग आहे, हेही एक उत्तर आहे. तुझ्यासारखंच काम करणाऱ्या दहा लॅबना ते उपयोगी पडेल.

आणखी दोन भोकं आहेत, ती ॲबस्ट्रॅक्टमध्ये एकेका वाक्यात बुजव. 64 अंड्यांतले 18 भ्रूण कुठे गेले? रिंगमधला पडदा सैल राहिला, पांढरं आत शिरलं, हे सगळ्यांचं होतं. मी शिकताना दहा अंडी फोडली की चार रिंगा धड बसायच्या. पण त्या 18 पैकी पंधरा औषधाच्याच गटातले असतील, तर तू सर्वांत आजारी भ्रूण आधीच टोपलीत टाकलेस. दुसरं, कंट्रोलमध्ये नुसतं पॅनेट-कॉम्प्टन सलाइन (भ्रूणासाठीचं क्षारांचं पाणी) होतं, की औषध ज्यात विरघळवलंस तो द्रावकही तेवढाच घातला होतास? पत्रात लिहिलेलं नाही. घातला नसेल तर या नऊ दिवसांत तिसरी खेप लाव, दोन दिवसांचं काम आहे. घातला असेल तर तिसरी खेप परिषदेआधी कधीही चालेल. आत्ता 'दोन खेपा' असं सरळ लिही. 46 भ्रूण म्हणजे 46 स्वतंत्र प्रयोग नव्हेत. एका दिवशी, एका ट्रेमधली, एकाच हाताने फोडलेली अंडी एकमेकांची सख्खी भावंडं असतात.

आता सरांचं. जीन एक्स्प्रेशनचे न केलेले प्रयोग 'केले' म्हणून लिहायचे नाहीत. यात वाटाघाट नाही. ॲबस्ट्रॅक्ट पुस्तिकेत छापला जातो आणि तिथेच राहतो. त्यावर पहिलं नाव तुझं असतं, पोस्टरपुढे उभीही तूच असतेस. इन सिटू, म्हणजे जीन भ्रूणात कुठे चालू आहे ते रंगाने दाखवणारी पद्धत, पहिल्यांदा करणाऱ्याला प्रोब (त्या जीनचा माग काढणारा तुकडा) बनवण्यापासून भरवशाचं चित्र दिसेपर्यंत महिना कसा जातो ते कळत नाही, आणि तुझ्याकडे प्रोबसुद्धा नाही. डिसेंबरात पोस्टरवर ती जागा रिकामी दिसली की येणारा प्रत्येक जण तेवढंच विचारेल आणि तू मोजलेल्या सोमाइटांकडे कोणी बघणार नाही.

सरांना 'हे खोटं आहे' असं म्हणू नकोस. ते खोटं बोलायला सांगतायत असं त्यांना वाटतच नसतं. त्यांच्या हिशेबी परिषदेला अजून महिने आहेत आणि तू कामसू मुलगी आहेस. दोन मसुदे घेऊन जा. एक सोमाइटवाला, पूर्ण, आकड्यांसह. दुसऱ्यात त्यांचं जीन एक्स्प्रेशनचं वाक्य, पण वर्तमानकाळात: 'ट्यूब बंद होण्याशी संबंधित जीन्सचं एक्स्प्रेशन सध्या तपासत आहोत.' तेही त्या आठवड्यात खरोखर काही सुरू केलं असेल तरच. नाहीतर ते वाक्यही नको. मग विचार, 'सर, यातला कोणता पाठवू?' माझा अनुभव असा की आकडे असलेला कागद समोर आला की बहुतेक गाइड हातात पेन घेतात आणि त्याच कागदावर दुरुस्त्या करायला लागतात. नाही घेतलं पेन, तर पुन्हा पत्र लिही. तेव्हा वेगळं बोलू.

मसुद्याच्या शेवटच्या ओळीत तू शेतमजुरांच्या मुलांमधल्या जन्मजात विकृतींवर उडी मारलीस. काचेच्या रिंगमधला कोंबडीचा भ्रूण आणि तासगावच्या बागेत फवारणारी गरोदर बाई यांच्यामध्ये आई आहे, वार आहे, यकृत आहे, डोसचा हिशेब आहे. तू वापरलेला डोस बागेतल्या माणसाच्या रक्तात सापडतो का, हे तुला माहीत असेल तर लिही. नसेल तर ती ओळ काढ. तुला त्या बायांची काळजी आहे हे मला कळतं. म्हणूनच म्हणते, काढ.

टॉक की पोस्टर, यावर तुझ्या सीनियरचं ऐकू नकोस. फॉर्मवर 'दोन्हीपैकी काहीही चालेल' अशी खूण करायची सोय असेल तर ती कर. पण दुसऱ्या वर्षाला मी माझ्या विद्यार्थ्यांना पोस्टरलाच पाठवायचे. टॉकला दहा मिनिटं बोलून झाल्यावर दोन प्रश्न, तेही मोठ्या आवाजाच्या दोन माणसांचे. भिंग काढून कोणी स्टेजवर येत नाही. आपल्याकडे पेशीशास्त्र आणि भ्रूणशास्त्र या दोन्हींच्या राष्ट्रीय संस्था आहेत. इंडियन सोसायटी ऑफ सेल बायोलॉजीची ऑल इंडिया सेल बायोलॉजी कॉन्फरन्स असते, इंडियन सोसायटी ऑफ डेव्हलपमेंटल बायोलॉजिस्ट्सची परिषद दोन वर्षांतून एकदा. या ठिकाणी तुझ्या टप्प्यांचे भ्रूण रोज बघणारी माणसं पोस्टरच्या रांगेत चहाचा कप घेऊन फिरत असतात. त्यात पुण्याचे लोक भेटले तर आवर्जून बोल. लीला मुल्हेरकर बाईंपासून पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावर काम करणाऱ्यांची परंपराच आहे. रिंग बसवण्याच्या ज्या युक्त्या कुठल्याच पेपरात छापलेल्या नसतात त्या अशा माणसांकडून पाच मिनिटांत कळतात.

परिषदेचं नाव तू लिहिलं नाहीस, म्हणून एक खात्री करून घे. यूजीसीच्या 2016 च्या नियमांत प्रबंधाआधी एक पेपर आणि दोन परिषदांत सादरीकरण सक्तीचं होतं. 2022 च्या नियमांत ती सक्ती गेली, तरी कित्येक विद्यापीठांच्या मनातून गेलेली नाही. त्या सर्टिफिकेटच्या भुकेवर जगणाऱ्या परिषदा निघाल्या आहेत. मेलमध्ये 'एस्टीम्ड प्रोफेसर' म्हणून हाक मारतात, जीवशास्त्रापासून सिव्हिल इंजिनिअरिंगपर्यंत सगळे विषय एकाच हॉलमध्ये, आणि ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर दोन तासांत 'स्वीकारला, फी भरा'. समितीतल्या दोन-तीन जणांच्या संस्थेच्या पानावर जाऊन बघ, ते खरोखर या विषयातले आहेत का. दोन तासांत स्वीकारला म्हणजे कोणी वाचला नाही.

त्या मुलीचं नाव घाल. तिने फोटो काढलेत, आता आंधळ्या मोजणीची किल्ली तिच्याकडे असेल. याहून जास्त काय करायला हवं? सरांना 'घालू का' असं विचारू नकोस, मसुद्यात घालूनच दाखव. काढायचं असेल तर त्यांना कारण द्यावं लागेल. नावं घातलेल्या प्रत्येकाने ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी वाचलेला असू दे, तिनेही. आणि विभागप्रमुखांचं नाव 'आदराने' टाकायची टूम निघालीच, तर आदर आभाराच्या ओळीत मावतो.

कल्पना चोरीला जाईल ही भीती पहिल्या पोस्टरच्या आधी सगळ्यांना वाटते. तुझी कल्पना अनेकांना सुचलेली आहे. तुझ्याकडे आहेत ते 46 भ्रूण, आणि ते दुसऱ्याला करायला तेवढेच महिने लागतील. जे अजून दाखवायचं नाही ते पोस्टरवर टाकू नकोस, विषय संपला.

पाठवायच्या दिवशीचं एक. पोर्टलच्या चौकटीत मजकूर चिकटवल्यावर 'मायक्रोग्रॅम' नीट उतरलं का ते डोळ्यांनी बघ. वर्डमध्ये सिम्बल फाँटमधून घेतलेला 'म्यू' पोर्टलवर कधी कधी साधा 'एम' होतो, आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. हजारपट डोस! माझ्या एका विद्यार्थ्याचा असा छापून आला होता. पोस्टरपुढे एक बाई येऊन म्हणाल्या, 'इतकं घालून तुमचे भ्रूण जिवंत राहिले हाच खरा शोध आहे.' शेवटच्या रात्री पोर्टल रडतं हे तुला सांगायला नको, आठव्या दिवशी पाठव. पुढे कधी परदेशातल्या परिषदेला पाठवलास आणि तारखेपुढे 'एनीव्हेअर ऑन अर्थ' असं दिसलं, तर आपल्याकडे ती वेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. तो जादा दिवस फक्त स्पेलिंग बघायला वापर.

ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारला गेला की पोस्टर. आधी संयोजकांनी दिलेलं बोर्डाचं माप बघ, उभं की आडवं तेही. बोर्ड तीन बाय चार फुटांचा असेल तर उभा ए-झीरो, 841 बाय 1189 मिलिमीटर, बरोबर बसतो. आडवं करून नेलंस तर शेजाऱ्याच्या पोस्टरवर पाय पसरशील आणि तीन तास त्याच्याशी पटवून घ्यावं लागेल. पॉवरपॉइंटमध्ये करणार असशील तर पहिल्याच मिनिटाला स्लाइडचं माप ए-झीरो कर. नेहमीच्या स्लाइडवर करून दुकानात 'मोठं करून द्या' म्हटलंस तर भ्रूणाच्या जागी चौकोनी रांगोळी येते. आणि फोटो त्या मुलीकडून व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नकोस, ते दाबून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह.

पोस्टरच्या मधोमध काय असावं हे मला पक्कं माहीत आहे. दोन भ्रूण शेजारी शेजारी, सारख्या सोमाइटचे, तळहाताएवढे मोठे. त्यांच्यावर सोमाइटना 1, 2, 3 असे बारीक आकडे. ट्यूबच्या उघड्या भागाला एक बाण. खाली स्केल बार. डोकं दोन्हींत वरच, एकाचं वर आणि दुसऱ्याचं उजवीकडे असं नको. लोक लांबून आधी हे चित्र बघतात आणि मग ठरवतात, थांबायचं की पुढे जायचं. मथळ्यात निष्कर्षच लिही, 'अमुक औषधाचा तमुकवर परिणाम: एक अभ्यास' असं नको. प्रत्येक पोस्टर एक अभ्यासच असतो. पुढे इन सिटू किंवा फ्लुओरेसन्सची चित्रं आली तर लाल-हिरवी जोडी टाळ, मॅजेंटा-हिरवी घे. लाल आणि हिरवा वेगळा न दिसणारे पुरुष काही कमी नसतात, आणि परीक्षकांतला एखादा तसा निघतोच.

बाकी मजकूर जितका कमी होईल तितका कर. प्रस्तावनेला चार ओळी. संदर्भांची यादी बोटभर. विद्यापीठाचा लोगो एक पुरे, चारही कोपऱ्यांत नको. लग्नपत्रिका नाही ती.

छापायला देण्याआधी एक चाचणी: अख्खं पोस्टर घरच्या प्रिंटरवर ए-फोरवर काढ. लांबी-रुंदीत ए-झीरोचा ए-फोर बरोबर एक चतुर्थांश होतो. हातात धरून जे अक्षर वाचता येत नाही ते परिषदेत चार फुटांवरूनही वाचता येणार नाही. छापायला फ्लेक्स स्वस्त, पण ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि नवा असताना वाढदिवसाच्या बॅनरसारखा वास मारतो. कापडावर छापणारे आता बऱ्याच शहरांत आहेत. घडी घालून पर्समध्ये जातं आणि ताकाचीही भीती नाही, धुता येतं. पिना आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सोबत ने. संयोजकांच्या पिना पहिल्या तासात संपतात.

राहिली बोबडी. पोस्टरपुढे भाषण करायचं नसतं. दोन मिनिटांत चित्राकडे बोट दाखवत चार वाक्यं: काय विचारलं, काय केलं, काय दिसलं, काय अजून कळलेलं नाही. ती चार इंग्रजीत लिहून काढ आणि त्या एम.एस्सी.च्या मुलीला वीस वेळा ऐकव. ती कंटाळली की तयारी झाली. एक पाचवं वाक्य पाठ कर, 'वी हॅव नॉट टेस्टेड दॅट यट.' हे म्हणताना मान खाली घालायची नाही. समोरच्याला विचारायचं, 'तुम्ही असतात तर कसं केलं असतं?' मग तो बोलायला लागतो आणि तू वहीत लिहायला लागतेस. वही आण बरं का. मी त्या गृहस्थांचं म्हणणं कार्डशीटच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, पत्ता मात्र विचारला नाही. पुढे प्रबंध पूर्ण झाला तेव्हा आभार कोणाचे मानायचे कळेना.

आणि पोस्टर सोडून जेवायला जाऊ नकोस. चांगली माणसं जेवणाच्या सुट्टीतच फिरतात, तेव्हा गर्दी नसते. जाताना डब्यात दोन ठेपले टाक.

रविवारपर्यंत मोजणी झाली तर मला दोनच आकडे कळव, कंट्रोलचे सोमाइट किती आणि औषधाचे किती. आणि किल्ली उघडण्याआधी वही मिटली होतीस ना, तेही.

– बाई